कॅलिफोर्नियात मोबाइल होम पार्कमधलं आत्याचं घर विकायचंय, मॅनेजर म्हणतो उचलून न्या

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी आत्या फेब्रुवारीत गेली. सॅन होजेत ५५+ वाल्या मोबाइल होम पार्कमध्ये (कारखान्यात बनवलेली घरं भाड्याच्या जागेवर बसवलेली असतात तिथे) तिचं डबल-वाइड, म्हणजे दोन अर्धे जोडून केलेलं घर आहे, १९७८ सालचं. रिटायर झाल्यावर रोख पैसे देऊन घेतलं होतं, त्यामुळे कर्ज वगैरे काही नाही. तिला मूलबाळ नाही, मृत्यूपत्रात घर मला आणि माझ्या धाकट्या भावाला अर्धं अर्धं दिलंय. मी सिअ‍ॅटलला, भाऊ नाशिकला. आम्ही दोघंही पंचावन्नच्या आतले म्हणजे तिथे राहता येणार नाही, भाड्याने द्यायला पार्कचे नियम आडवे येतात, मग राहिलं विकणं.

जमीन पार्कची आहे, तिचं महिन्याचं स्पेस रेंट मी भरतेय. आता मॅनेजरने फोनवर सांगितलं की घर फार जुनं झालंय, जागेवर ठेवून विकता येणार नाही, एकतर उचलून न्या नाहीतर पार्कला देऊन टाका, आणि देऊन टाकायची जी रक्कम सांगितली ती ऐकून मला अक्षरशः रडू आलं कारण त्याच पार्कात मागच्या ओळीतली तसलीच घरं याच्या कितीतरी पट किमतीला लिस्ट झालेली मी बघितलीयेत. आत्याने वर्षानुवर्षं हॉस्पिटलात नाइट ड्यूट्या करून हे घर घेतलं, स्वयंपाकघर नवीन करून घेतलं, छपराची डागडुजी केली. तिची कमाई अशी कुणाच्या पदरात टाकायची माझी तयारी नाही.

कुणी यातून गेलंय का? आणि दुसरं म्हणजे नाशिकचे काका म्हणतात कॅलिफोर्नियात घर म्हणजे कोटींचा माल, घाई कशाला करता, दोन-चार वर्षं थांबा, भाव वाढेल. त्यांना काय सांगू?

खाडीपलीकडे

सगळ्यात आधी, कशावरही सही करू नका. फोनवर तर काहीच कबूल करू नका. आम्ही सासऱ्यांचं घर असंच विकलंय हेवर्डच्या बाजूला, तिथेही सुरुवात अशीच झाली होती.

कॅलिफोर्नियात यासाठी वेगळा कायदाच आहे, मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ, सिव्हिल कोडचं कलम ७९८ पासून पुढे. त्यातलं ७९८.७८ वारसांसाठी आहे. मालक गेल्यावर ज्याला घर मिळतं त्याला ते तिसऱ्या माणसाला विकायचा हक्क आहे, अट एवढीच की भाडं, लाइट-पाण्याची बिलं आणि घर-अंगणाची साधी देखभाल विक्री होईपर्यंत चालू पाहिजे. तुम्ही तिथे राहत नाही, तुमचं वय बसत नाही, याचा विकण्याच्या हक्काशी संबंध नाही.

आता "जुनं आहे म्हणून उचला" हे. त्यासाठी ७९८.७३ वाचा. तुमचं घर डबल-वाइड म्हणजे वीस फुटांहून रुंद असणार आणि १९७८ चं. अशा घराला पंचवीस वर्षं उलटून गेली असली तरी नुसत्या वयावर ते काढायला लावता येत नाही, ते आरोग्य-सुरक्षेच्या नियमांत बसत नाही असं संबंधित सरकारी यंत्रणेच्या तपासणीत निघावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे घर पार मोडकळीला आलंय असं पार्कने म्हणायचं, पण तिथे कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वय सोडून बाकी अवस्था बघायची, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी पार्कवर. नवीन किचन आणि दुरुस्त छप्पर असलेलं घर मोडकळीला आलेलं कसं दाखवणार?

म्हणून एक साधं पत्र लिहा. आम्ही वारस आहोत, घर जागेवरच विकणार आहोत, तुम्हाला ते काढायला लावायचं असेल तर कुठल्या कलमाखाली आणि कुठल्या तपासणीच्या आधारावर ते लेखी कळवा. सर्टिफाइड मेलने पाठवा. त्याच पत्रात ७९८.७३.५ खाली विक्रीच्या वेळी कुठल्या दुरुस्त्या हव्यात त्याची लेखी यादी मागा, ती त्यांना दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते आणि त्यात फक्त घराच्या बाहेरच्या गोष्टी येऊ शकतात.

दख्खनी

माझं मत वेगळं आहे. लांब राहून दर महिन्याला भाडं भरत भांडत बसण्यापेक्षा जे मिळतंय ते घेऊन मोकळं व्हावं. मनस्तापाची किंमत कुणी मोजत नाही.

तगर

दख्खनी, मनस्ताप आहे हे खरं, पण तुमचा सल्ला मला पटत नाही आणि का ते सांगते. मी गेली बरीच वर्षं अशाच एका पार्कमध्ये राहते, रहिवाशांच्या संघटनेत काम करते. म्हातारं माणूस जातं, मुलं-भाचे लांबच्या राज्यात, त्यांना वाटतं ही काहीतरी गाडीसारखी वस्तू आहे, मॅनेजर म्हणेल ते खरं. मग घर पार्कच्या ताब्यात जातं आणि थोड्याच दिवसांत रंग मारून चांगल्या किमतीला विकायला निघतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पुन्हा पुन्हा. घराची सगळी किंमत ते जागेवर उभं आहे यात असते. डबल-वाइड हलवायचं म्हणजे मधून दोन तुकडे करायचे, परमिट काढायचं, ट्रक, पुढच्या जागी परत जोडणी, हजारो डॉलर जातात आणि एवढं करून १९७८ चं घर घ्यायला दुसरा पार्क सहसा तयार होत नाही. म्हणजे जागेवरून हललं की किंमत संपली. मॅनेजरला हे चांगलं माहीत असतं.

रानजाई, तुझ्यासाठी. भाडं एक दिवससुद्धा उशिरा जाऊ देऊ नकोस. तारखेनंतर पाच दिवसांत भरलं नाही तर तीन दिवसांची नोटीस येऊ शकते आणि तिच्याबरोबर पार्क सोडायची ६० दिवसांची नोटीस. चेकवर स्पेस नंबर लिही, कॉपी ठेव. बाग वाळू देऊ नकोस, शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी पाणी घालायला सांग, कारण वाळलेलं अंगण म्हणजे पार्कच्या हातात आयतं कोलीत. विम्याच्या कंपनीला घर रिकामं आहे हे कळव, रिकाम्या घराला जुनी पॉलिसी लागू होईल असं गृहीत धरू नकोस.

आणि एकटी लढू नकोस. जीएसमॉल म्हणून घरमालकांची जुनी संघटना आहे, १९६२ पासूनची, त्यांची माणसं कायदा तोंडपाठ सांगतात. शिवाय राज्याच्या एचसीडी म्हणजे घरबांधणी खात्याकडे जुलै २०२० पासून अशा तक्रारींसाठी वेगळा कार्यक्रम आहे, आपण सगळे पार्कवाले वर्षाला दर जागेमागे दहा डॉलर त्यासाठी भरतो, तर तो वापरायला संकोच कसला.

आत्या गेल्याचं वाईट वाटलं गं.

ऑरलँडोकर

फक्त एक सांगतो, हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. इतर राज्यांतल्या वाचकांनी जसंच्या तसं धरू नका. आमच्याकडे फ्लोरिडात पार्कचा कायदा चॅप्टर ७२३, आणि घराचं टायटल म्हणजे मालकीचा कागद गाड्यांच्या खात्याकडे असतो, डबल-वाइडच्या दोन अर्ध्यांना दोन वेगळी टायटलं. मित्राच्या वडिलांचं एकच सापडलं, दुसऱ्याची डुप्लिकेट काढण्यात विक्री लांबली. तेव्हा कागद मोजून घ्या.

जुना_कागद

एस्क्रोच्या (विक्रीचे पैसे-कागद तिऱ्हाईत म्हणून सांभाळणाऱ्या) ऑफिसात काम केलंय म्हणून कागदांचं लिहितो, थोडं लांबेल.

कॅलिफोर्नियात या घरांचं टायटल काउंटी (जिल्हा) रेकॉर्डरकडेही नसतं आणि डीएमव्ही म्हणजे गाड्यांच्या खात्याकडेही नाही, ते एचसीडीकडे असतं. पर्मनंट फाउंडेशनवर बसवून रिअल प्रॉपर्टी केलेली घरं वेगळी, भाड्याच्या जागेवरच्या पार्कात ते क्वचितच. तर आधी एचसीडीकडून टायटल सर्च मागवा. रजिस्टर्ड ओनर म्हणून आत्याचंच नाव आहे ना, कुणाचा जुना लीन म्हणजे कर्जाचा बोजा राहिलाय का, हे त्यात कळतं. मागच्या मालकाच्या बँकेचं कर्ज फिटलेलं असतं पण नाव निघालेलं नसतं हे फार वेळा होतं, आणि तो बंद पडलेल्या बँकेचा कागद शोधण्यात महिने जातात म्हणून ग्राहक मिळायच्या आधीच हे करा. टायटलवर टीओडी म्हणजे मृत्यूनंतर अमक्याला असा लाभार्थी लिहिलाय का तेही बघा, असेल तर काम आणखी सोपं.

कोर्टाची गरज बहुतेक पडणार नाही. आत्याच्या बाकीच्या मालमत्तेसाठी प्रोबेट (कोर्टातून वारसाहक्काची मंजुरी) करावं लागणार नसेल तर मृत्यूनंतर ४० दिवस उलटल्यावर एचसीडीचा प्रोबेटशिवाय हस्तांतरणाचा फॉर्म भरता येतो, त्याच्यासोबत डेथ सर्टिफिकेट आणि टायटल. तिच्या बँकेत, शेअर्समध्ये बरंच काही असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा.

घराबाहेर डीकल (नोंदणीचा स्टिकर) असतो त्याचा नंबर, सिरियल नंबर, आणि दोन्ही अर्ध्यांच्या मागच्या बाजूला लाल रंगाची छोटी पत्र्याची पट्टी, ती हुडची (केंद्र सरकारच्या घरबांधणी खात्याची), या सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. १५ जून १९७६ पासून बनलेल्या घरांना ती असते. तुमचं १९७८ चं म्हणजे ती असणार आणि ही जमेची बाजू आहे कारण त्याआधीच्या घरांवर कर्ज द्यायला बहुतेक सावकार नाही म्हणतात.

टॅक्सचं. १ जुलै १९८० च्या आधी नवीन म्हणून पहिल्यांदा विकलं गेलेलं घर असेल तर त्याची वार्षिक फी एचसीडीकडे भरायची असते, नंतरच्यांना काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स. तुमचं बहुधा पहिल्या प्रकारातलं. मधे कुणी स्वतःहून काउंटीकडे बदलून घेतलं असेल तर विक्रीच्या वेळी काउंटीकडून टॅक्स क्लिअरन्स लागेल. थकबाकी आणि त्यावरचा दंड दोन्हीकडे आधी मिटवावा लागतो. आणि हो, झोपायच्या प्रत्येक खोलीत स्मोक अलार्म, वॉटर हीटरला भूकंपाचे पट्टे. हे दोन्ही आत्ताच बसवून घ्या, स्वस्तातलं काम आहे.

रानजाई

किती आभार मानू. पत्र आजच लिहिते. टायटलची मूळ प्रत आत्याच्या फाइलीत सापडलीय, तिचंच नाव आहे, टीओडी नाही. भाऊ नाशिकहून सह्या कशा करणार? आणि काकांचा प्रश्न तसाच आहे, ते रोज फोन करतात.

जुना_कागद

भावाची सही लागणारच, दोन वारस म्हणजे दोघांच्या. फॉर्म प्रिंट करून सही करून कुरिअर केलं की बहुतेक काम भागतं. पण पुढच्या विक्रीच्या कागदांसाठी त्यांनी तुमच्या नावे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दिली तर दर वेळी नाशिकला कागद पाठवावे लागणार नाहीत. ती मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन नोटराइज करता येते किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लावता येते, भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. कुठली चालेल ते एस्क्रोवाल्यांना आधी विचारून मगच करा.

खाडीपलीकडे

काकांना मुंबईच्या पागडीचं उदाहरण द्या, लगेच कळेल. खोली आपली म्हणतो पण जमीन-इमारत मालकाची, महिन्याचं भाडं चालूच, आणि नवीन माणूस आणायचा तर मालकाची संमती. फरक एवढाच की पागडीत हस्तांतरणाच्या वेळी मालक आपला हिस्सा घेतो, इथे कलम ७९८.७२ प्रमाणे पार्कला विक्रीवर ट्रान्सफर फी लावता येत नाही, तुम्ही स्वतः त्यांच्याकडून विक्रीची सेवा मागितली तरच.

आणि थांबण्याचं म्हणाल तर हिशोब कागदावर मांडून पाठवा. महिन्याचं स्पेस रेंट गुणिले बारा, अधिक विमा, अधिक बिलं. दोन-चार वर्षांत ती रक्कम किती होते ते त्यांना दिसू दे. सॅन होजेच्या वटहुकुमात बसणाऱ्या जुन्या पार्कांत भाडंही दरवर्षी वाढतं, महागाईच्या पाऊणपट, पण कमीत कमी ३ टक्के आणि जास्तीत जास्त ७ टक्के. जमिनीचा भाव वाढतो तो पार्कमालकाचा वाढतो. तुमच्याकडे आहे ते घर, आणि ते जागेवर ठेवून विकण्याचा हक्क. हा हक्क भक्कम आहे पण रिकामं घर धरून बसायला दर महिन्याला पैसे पडतात.

सह्यकडा

टॅक्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून. अमेरिकेत वारशाने आलेल्या वस्तूची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, आत्याने कितीला घेतलं ते नाही. म्हणजे लवकर विकलं तर फायदा जवळजवळ शून्य दिसतो. त्यासाठी त्या तारखेच्या भावाचं काहीतरी लेखी मूल्यांकन आत्ताच करून घ्या. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा वारसा कर नाही.

भावाचं मात्र वेगळं. तो भारतात रेसिडेंट आहे, वारसा मिळाला यावर तिथे कर नाही, पण विक्रीवर भारतातला नियम मूळ मालकाची खरेदी किंमत धरतो, मृत्यूच्या दिवसाची नाही. इथे फायदा शून्य आणि तिथे फायदा दिसतो असं होऊ शकतं. शिवाय परदेशी मालमत्ता रिटर्नच्या शेड्यूल एफए मध्ये दाखवावी लागते. त्याने नाशिकच्या सीएला विक्रीच्या आधी भेटावं, नंतर नाही. आत्याच्या खरेदीचा आणि स्वयंपाकघराच्या कामाचा कागद असेल तर त्याला स्कॅन करून पाठवा, उपयोगी पडेल.

रानजाई

अपडेट द्यायला आले. पत्र गेल्यावर "उचलून न्या" ही भाषा एकदम बंद झाली. आता लेखी यादी आलीय. स्कर्टिंगचे (घराखालची पोकळी झाकणाऱ्या पट्ट्यांचे) दोन तुटलेले भाग, मागच्या पायऱ्यांचा कठडा, कारपोर्टचा गंजलेला खांब, ड्राइव्हवेची भेग, आणि अंगणातलं मोठं झाड आमच्या खर्चाने तोडायचं, ते पडायच्या बेतात आहे म्हणतात. झाडाचं कोटेशन घेतलं तर बाकी सगळ्या कामांच्या दुपटीहून जास्त.

तगर

थांब! झाडाला हात लावू नकोस. कलम ७९८.३७.५ बघ. जागेवरचं झाड धोकादायक असेल तर ते छाटणं किंवा काढणं हे पार्कचं काम आणि पार्कचा खर्च. ते पडायच्या बेतात आहे असं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय म्हणजे तुझं अर्धं काम झालं. ड्राइव्हवे पार्कने बनवलेला असेल आणि आत्याने मोडला नसेल तर त्याची दुरुस्तीही त्यांचीच. दोन्ही गोष्टी कलम नंबर लिहून लेखी परत पाठव. स्कर्टिंग, कठडा, खांब ही कामं मात्र मनापासून करून टाक, ती बरोबर आहेत आणि घर बघायला येणाऱ्याला तेच आधी दिसतं.

खाडीपलीकडे

आता ग्राहकाचं. एजंट घ्यायचा की नाही हा तुमचा निर्णय, पार्कच्या माणसालाच द्या असा आग्रह ते करू शकत नाहीत, तुमच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना घर दाखवताही येत नाही. रजिस्टर असलेलं घर रिअल इस्टेट लायसन्सवाला एजंट विकू शकतो, पण या घरांची सवय असलेला बघा. खिडकीत "विकणे आहे"ची पाटी लावायचा हक्क वारसालाही आहे, २४ बाय ३६ इंचापर्यंत. आमचा ग्राहक पाटी वाचूनच आला, त्याच पार्कातल्या बाईंची बहीण.

किंमत ठरवताना नवीन माणसाला स्पेस रेंट किती लागणार हे आधी लेखी घ्या. याच्यावर सगळं आहे. भाडं शंभर-दोनशे डॉलरने वाढलं की घराची किंमत हजारोंनी उतरते, कारण घेणारा महिन्याचा एकूण खर्च बघतो. आत्याचंच भाडं पुढे चालू राहतं का ते शहराच्या हाउसिंग डिपार्टमेंटला फोन करून विचारा, मॅनेजरवर विसंबू नका. ग्राहकाने अर्ज मागितला की भाड्याची माहिती असलेला छापील कागद पार्कने त्याला दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.

अर्ज पूर्ण दिल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत हो किंवा नाही लेखी आलं पाहिजे. भाडं भरायची ऐपत असेल आणि आधी राहिलेल्या ठिकाणी नियम मोडल्याचा इतिहास नसेल तर नाही म्हणता येत नाही. ५५+ ची अट मात्र ग्राहकाला लागू आहे, त्यामुळे जाहिरातीत ठळक लिहा, नाहीतर तरुण जोडपी बघून जातील आणि तुमचा वेळ जाईल.

रानजाई

झाड पार्कने काढलं, त्यांच्या खर्चाने. ड्राइव्हवेची भेगही बुजवली. बाकीची तीन कामं मी करून घेतली.

घर विकलं गेलंय हो! फ्रीमाँटला मुलाकडे राहणारं एक रिटायर्ड जोडपं, त्यांना स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं. रोख घेतायत. एस्क्रो उघडलाय, पार्कची मंजुरी लेखी आलीय, भावाची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पोचलीय. मॅनेजरने फोनवर सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी पट मिळतायत, आणि काकांना पागडीचं सांगितल्यावर त्यांनीच भावाला सीएकडे नेलं. आत्याच्या नर्सिंगच्या कॉलेजला, मिरजेला, थोडी रक्कम द्यायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तगर, तुझी मी कायम ऋणी राहीन.

पाणपोई

धागा वाचून लिहितोय. माझ्या बायकोच्या मामांचं सॅक्रमेंटोजवळ १९७२ चं सिंगल-वाइड आहे, ते गेल्या महिन्यात वारले. मॅनेजर तेच म्हणतोय, उचला. आमच्याकडे ती लाल पट्टी नाही. आमचं काय?

जुना_कागद

लाल पट्टी नाही म्हणून विकायचा हक्क जात नाही, फक्त कर्ज काढून घेणारे ग्राहक कमी, रोखवाले शोधावे लागतील. सिंगल-वाइडला ७९८.७३ मध्ये वेगळी वाक्यं आहेत, रुंदी आणि वर्ष दोन्ही बघतात. तेव्हा आधी टेप घेऊन रुंदी मोजा आणि टायटलवर काय लिहिलंय ते बघा. मामांचं स्पेस रेंट या महिन्याचं भरलंय का?

पाणपोई

नाही, आम्हाला वाटलं ते गेल्यावर थांबतं.

जुना_कागद

थांबत नाही. उद्या सकाळी भरा, पावती घ्या, मग इथे रुंदी लिहा.